ताठ कणा, मऊ चाल

उघड्या टपाच्या जुन्या मोटारीविषयी मोटारशौकिनांत पिढ्यान्‌पिढ्या रुजून बसलेला एक समज असा आहे की, गाडीचा सांगाडा जितका ताठर करावा तितकी तिची चाल कठोर होते, आणि ज्याला सुखाने प्रवास करावयाचा आहे त्याने सांगाड्याच्या थोड्याफार लवचिकपणाकडे कानाडोळा करणेच शहाणपणाचे. वरवर पाहता हा समज सयुक्तिक वाटतो. कारण कठीण वस्तू हादरा जसाच्या तसा पुढे पोहोचविते आणि लवचिक वस्तू तो स्वतःत जिरवून टाकते, हा आपला रोजचा अनुभव आहे. परंतु मोटारीत हादरा जिरविण्याची कामगिरी ज्यांच्यावर सोपविलेली असते त्या स्प्रिंगा आणि ते शॉक ॲब्सॉर्बर हे सांगाड्याहून निराळे अवयव होत, आणि सांगाडा आपल्या जागी अढळ राहिला तरच त्यांना ती कामगिरी नीट बजावता येते. उघड्या मोटारीत बसणाऱ्याला जे सुख हवे असते ते मऊ सांगाड्यातून येत नाही. ताठर सांगाड्यावर मऊ स्प्रिंगा बसविल्या म्हणजे येते. या प्रकरणात मला सांगावयाचे आहे ते इतकेच, परंतु त्याची कारणे आणि त्याचे दाखले विस्ताराने पाहण्याजोगे आहेत.

हा त्रास नेमका कसा जाणवतो, ते आधी जवळून पाहू. १९६० च्या दशकातील एखादी इंग्रजी उघडी मोटार टप मागे दुमडून, ठिगळे लावलेल्या डांबरी रस्त्यावरून ताशी साठेक किलोमीटर वेगाने चालली आहे असे समजा. गाडी वरखाली फारशी होत नाही, आसनावरच्या माणसाला मोठा गचकाही बसत नाही. पण स्टिअरिंगवर ठेवलेल्या तळहातांना एक बारीक, अखंड थरथर जाणवत राहते, काचेच्या चौकटीला अडकविलेल्या आरशात मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांच्या कडा पुसट होऊन एकाचे दोन दिवे दिसू लागतात, आणि रस्त्याच्या एकाच बाजूला खड्डा आला की समोरची काच डॅशबोर्डासकट क्षणभर डावी-उजवीकडे डुलून पुन्हा जागेवर येते, तर दाराच्या कुलपापाशी पोलादावर पोलाद घासल्याचा कर्र असा आवाज उठतो. इंग्लंडातील शौकीन या प्रकाराला ‘स्कटल शेक’ म्हणतात. प्रवासी मात्र त्याची कैफियत बहुधा ‘गाडी फार आदळते’ एवढ्याच शब्दांत मांडतो, आणि गॅरेजातील कारागीर तिच्यावर भरवसा ठेवून शॉक ॲब्सॉर्बर बदलून देतो. पैसे खर्च होतात आणि थरथर तशीच राहते. कारण तिचे मूळ चाकापाशी नसून पुढच्या व मागच्या चाकांच्या दरम्यान पसरलेल्या पोलादात असते.

छप्पर गेल्याने एवढे काय बिघडते, हे समजण्यासाठी मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका हाती घ्यावा. झाकण चारी बाजूंनी चिकटविलेले असताना खोका दोन टोकांना धरून पिळण्याचा प्रयत्न केला तर तो दाद देत नाही. तेच झाकण काढून टाकले की बोटांच्या किंचित जोरासरशी त्याचे समोरासमोरचे कोपरे एकमेकांस सोडून वरखाली होतात. बंद मोटारीचे छप्पर हे असे झाकण आहे. पीळ पडत असता पत्र्यात उत्पन्न होणारे कर्तनबल बंद पेटीच्या परिघाभोवती अखंड फिरून आपले वर्तुळ पूर्ण करते, आणि त्या वर्तुळाच्या आत जितके क्षेत्रफळ सापडते तितका पिळाला विरोध वाढतो. परिघाला कोठे चीर पडली की ते वर्तुळ तुटते, आणि मग विरोधासाठी केवळ पत्र्याच्या जाडीवर विसंबून राहावे लागते. याचा हिशेब मांडला तर मन थक्क होते. ५० मिलिमीटर त्रिज्येची आणि २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची एक गोल नळी घेऊन ती लांबीच्या दिशेने एका बाजूने नुसती चिरली, तिच्यातले पोलाद गुंजभरही कमी केले नाही, तरी तिचा पिळाविरुद्धचा विरोध सुमारे १,९०० पटींनी घटतो. वजन तेच, धातू तोच, आकारही डोळ्यांना तोच. आणि सामर्थ्य मात्र जवळजवळ नाहीसे झालेले. मोटारीचे छप्पर कापणे हे या नळीला चीर पाडण्याइतके अनर्थकारी नसते, कारण छपराच्या खाली दुसऱ्या लहान-लहान बंद पेट्या शिल्लक असतात: दाराखालच्या उंबऱ्यातील लांब पोकळ तुळया, ज्यांना कारागीर सिल म्हणतात, दोन आसनांमधून जाणारा बोगदा, डॅशबोर्डाखालची आडवी पेटी, आणि आसनांच्या मागचा आडवा पडदा. उघड्या मोटारीचा आराखडा करणाऱ्याची सारी बुद्धी या उरल्यासुरल्या पेट्यांकडून गेलेल्या छपराचे काम कसे वसूल करून घ्यावे यात खर्ची पडते.

मोटारयुगाच्या प्रारंभी हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. १९२० च्या दशकाच्या आरंभी उघडी टूरर मोटार हाच सर्वसाधारण शिरस्ता होता आणि बंद मोटार हा श्रीमंतांचा अपवाद. त्या मोटारींचा चॅसिस म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे चार-पाच आडवे गज. त्या तुळया एका बाजूने उघड्या, पन्हळीसारख्या छेदाच्या असत. सबब वाकण्याला त्यांचा विरोध भरपूर आणि पिळाला जवळजवळ शून्य. त्या चॅसिसखालचे कमानपाटे इतके कठीण असत की खराब रस्त्यावर चाकाला जमिनीशी संबंध राखण्यासाठी चॅसिसने स्वतः पीळ घेणे अपरिहार्य होई. चॅसिस ही तेव्हा एक पाचवी, अलिखित स्प्रिंगच होती. वरच्या लाकडी शरीराचे सांधे या पिळाने कुरकुरू लागत, म्हणून वैमानिक असलेल्या चार्ल्स वेमन याने लाकडाचे तुकडे एकमेकांना स्पर्शच करणार नाहीत अशा बेताने धातूच्या पट्ट्यांनी जोडून, वरून कापड ताणून बसविलेले शरीर तयार केले, आणि त्या दशकात युरोपात त्याला मोठी मान्यता मिळाली. चॅसिसचा पीळ थांबविता येत नाही तर निदान त्याचा आवाज तरी होऊ नये, ही ती तजवीज होती. इंग्लंडातील मॅल्व्हर्न येथे तयार होणाऱ्या मॉर्गन मोटारींनी तर कठीण स्प्रिंगा आणि लवचिक चॅसिस हा जुना संसार पुढे कित्येक दशके चालविला. त्या गाड्यांवर जीव टाकणारे लोक आहेत आणि त्यांच्या प्रेमाविषयी मला आदरच आहे, पण त्यांच्यापैकी कोणी ती चाल आरामाची असल्याचा दावा केलेला माझ्या ऐकिवात नाही.

या जुन्या व्यवस्थेला पहिला शास्त्रशुद्ध धक्का देणाऱ्यांत मॉरिस ऑली याचे नाव घ्यावे लागते. रोल्स-रॉइसच्या तालमीत वाढलेला हा ब्रिटिश गृहस्थ १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकच्या सेवेत रुजू झाला, आणि पुढेमागे सरकविता येतील अशी वजने लावलेली एक प्रायोगिक मोटार बनवून त्याने प्रवाशाला सुख नेमके कशाने लाभते याचा पद्धतशीर शोध घेतला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या म्हणजे गाडी पुढेमागे न डोलता सपाट चालते, हा त्याचा निष्कर्ष. परंतु पुढच्या स्प्रिंगा मऊ करताच अखंड आसाची पुढची चाके रस्त्यावर थडथडू लागतात, म्हणून प्रत्येक चाकाला स्वतंत्र झुलविणारी रचना करणे प्राप्त झाले. आणि ती रचना जनरल मोटर्सच्या १९३४ सालच्या गाड्यांवर आली. चाक स्वतंत्र झाले, पण ज्या बिंदूभोवती ते फिरावयाचे तो बिंदूच जर चॅसिसबरोबर हलू लागला तर त्या स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही. तेव्हा त्याच काळात चॅसिसच्या दोन तुळयांमध्ये फुलीच्या आकाराचे मजबूत गज घालण्याची रीत सर्वत्र बळावली, आणि उघड्या गाड्यांच्या चॅसिसमध्ये ही फुली अधिकच भक्कम ठेवण्यात येऊ लागली. मऊ चाल आणि ताठर चॅसिस यांचा इतिहासातील प्रवेश हा असा हातात हात घालून झालेला आहे.

याच्याही आधी, १९२२ मध्ये, इटलीतील व्हिन्चेन्झो लान्चा याने जी लॅम्बडा मोटार लोकांपुढे ठेवली तिचे मोल मला या सर्वांहून अधिक वाटते. तिला निराळा चॅसिसच नव्हता. गाडीच्या दोन्ही बाजू म्हणजे दाबून घडविलेल्या पोलादाच्या खोल भिंती, दारे त्या भिंतीत वरच्या भागापुरती कापलेली, खाली उंच उंबरा राखलेला; आसनांच्या पाठी हे त्या भिंतींना जोडणारे आडवे पडदे, आणि मधून जाणारा बोगदा हा तिचा कणा. आणि ही मोटार मुळातच उघडी होती, म्हणजे छपराच्या मदतीची अपेक्षा आराखड्यात आरंभापासूनच नव्हती. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र झुलण्याची व्यवस्था होती, आणि त्या काळच्या मोटारींत तिची चाल अतिशय उत्तम म्हणून नावाजली गेली. बंद मोटारीचे छप्पर कापून उघडी मोटार बनविणे आणि उघडी मोटार उघडी म्हणूनच कल्पिणे, या दोहोंतील अंतर लॅम्बडाने एवढ्या लवकर दाखवून दिले असताना पुढच्या पन्नास वर्षांत अनेक कारखान्यांनी पहिलाच मार्ग पत्करावा, याचा मला खेद होतो.

आता त्या थरथरीच्या अंतरंगात शिरू. गाडीचे एक पुढचे चाक दगडावर चढले की चार चाकांचे बिंदू एका पातळीत राहत नाहीत, आणि हा तिढा स्प्रिंगा व सांगाडा यांनी आपसांत वाटून घ्यावयाचा असतो. ज्याचा विरोध कमी त्याच्या वाट्याला अधिक तिढा, असा हा वाटणीचा नियम आहे. कल्पनेने एक गाडी घ्या, जिच्या चारी स्प्रिंगांचा मिळून पिळाविरुद्धचा विरोध एका अंशाला १४० न्यूटन-मीटर आणि सांगाड्याचा २,७०० आहे. हिशेब केल्यास एकूण तिढ्याचा सुमारे विसावा हिस्सा सांगाड्याच्या वाट्याला येतो. आता कोणी हौसेने, शर्यतीच्या गाडीचे अनुकरण म्हणून, तिला तिप्पट कठीण स्प्रिंगा बसविल्या तर तोच हिस्सा सातव्यावर जातो. स्प्रिंगेच्या शेजारी शॉक ॲब्सॉर्बर उभा असतो; ती दबली आणि उसळली की तिची ऊर्जा तो तेलात जिरवून उष्णतेत रूपांतरित करतो. सांगाड्याच्या शेजारी असे कोणीही नाही. पोलाद स्वतः फारच थोडी ऊर्जा जिरविते, त्यामुळे सांगाड्याने घेतलेला हिस्सा पुन्हा-पुन्हा उलटत राहतो, आणि तीच ती थरथर.

हिश्श्याइतकीच महत्त्वाची गोष्ट कंपनसंख्येची. स्प्रिंगांवर तोललेली गाडी साधारणपणे सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होते, आणि ही गती चालण्याच्या गतीच्या जवळची असल्याने ती आपल्याला सुसह्य, किंबहुना सुखद वाटते. चाक आणि आस यांचे स्वतःचे थडथडणे सेकंदाला दहा ते पंधरा वेळांच्या आसपास असते. बंद मोटारीचा सांगाडा पिळात कंप पावतो तो याच्या बराच वर, पंचवीस किंवा त्याहून अधिक वेळा. म्हणून चाकांच्या थडथडीची आणि त्याची गाठ पडत नाही. छप्पर गेले की सांगाड्याची कंपनसंख्या खाली घसरून बारा ते वीसच्या टापूत येते, म्हणजे बरोबर चाकांच्या मुलखात. आणि मग एकाने दुसऱ्याला चेतविण्याचा तो प्रकार सुरू होतो ज्याला पदार्थविज्ञानात अनुस्पंदन म्हणतात. ही संख्या वर ढकलणे हाच सांगाडा ताठर करण्याचा खरा हेतू होय. पण कंपनसंख्या ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ताठरता दुप्पट केली तरी ती १.४ पटच होते, आणि त्यासाठी घातलेल्या पोलादाचे वजन तिला पुन्हा खाली ओढते. म्हणून पत्रा कोठे घातला हे किती घातला याहून अधिक महत्त्वाचे ठरते.

ज्यांनी हे नेमके ओळखले त्यांच्या मोटारींपैकी लोटस एलान या १९६२ सालच्या इंग्रजी मोटारीचा वृत्तांत विस्ताराने सांगण्यासारखा आहे. लोटसच्या आधीच्या एलीट या बंद मोटारीचे संपूर्ण शरीर काचतंतूंच्या रेझिनचे होते आणि तेच तिचा सांगाडाही होते. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची इच्छा अशी की नवी उघडी मोटारही त्याच रीतीने व्हावी. परंतु छपराविना ते शरीर पुरेसे ताठर होईना. आराखड्याचे काम पाहणाऱ्या रॉन हिकमन यांना दरम्यान स्प्रिंगा व चाके यांची चाचणी घ्यावयाची होती, आणि त्यासाठी पोलादी पत्रा दुमडून, वेल्डिंग करून एक तात्पुरती मधली पेटी बनविण्यात आली, जिच्या पुढच्या टोकाला इंजिन धरणारी आणि मागच्या टोकाला चाकांचा भार घेणारी अशा दोन-दोन शाखा होत्या. चाचणीचे साधन म्हणून जन्मलेली ही पेटी इतकी ताठर निघाली की रेझिनच्या सांगाड्याचा विचारच सोडून देऊन तीच गाडीचा कायमचा कणा ठरली. पेटी बंद होती, गाडीच्या मधोमध होती, आणि छपरावर तिचा काडीचाही भार नव्हता. म्हणजे टप उघडा असो वा मिटलेला, चाकांच्या दृष्टीने गाडी तीच. सातशे किलोंच्या आतल्या या गाडीला चॅपमन यांनी ज्या स्प्रिंगा दिल्या त्या त्या वेळच्या क्रीडा-मोटारींच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या मऊ आणि लांब पल्ल्याच्या होत्या. आणि वळणावर चपळ असूनही खडबडीत रस्त्यावर सौम्य, ही तिची ख्याती आजतागायत टिकून आहे. ताठर कण्याने मऊ स्प्रिंगांना परवानगी दिली, असे याचे वर्णन केल्यास ते अक्षरशः खरे आहे.

त्याच वर्षी ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यातून बाहेर पडलेल्या एमजीबीचा मार्ग निराळा होता. आधीच्या एमजीएला स्वतंत्र चॅसिस होता. सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या एमजीबीत शरीर आणि चॅसिस एकच झाले, आणि पिळाची बहुतेक जबाबदारी दाराखालच्या सिलवर येऊन पडली. हे सिल बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, त्या दोहोंमधला उभा पडदा आणि तळाची खाचेदार पट्टी अशा थरांनी बनलेले असते. उत्तम स्थितीत असताना ते आपले काम चोख बजावते. पण ते जमिनीलगत, चाकाने उडविलेल्या चिखलाच्या मार्गात असते, आणि गंज त्याला आतून खातो, जिथे नजर पोहोचत नाही. १९६५ मध्ये आलेल्या छप्पर असलेल्या एमजीबी जीटीला हेच दुखणे झाले तर छप्पर काही काळ भार सांभाळून घेते. उघड्या गाडीला तो जामीन नाही. ऑस्टिन-हीली स्प्राइट या १९५८ सालच्या छोट्या मोटारीच्या पहिल्या आवृत्तीत तर मागच्या डिकीला बाहेरून उघडणारे झाकणच ठेवलेले नव्हते. सामान आसनांच्या पाठी पुढे पाडून आत ढकलावे लागे. यात काटकसरीचाही वाटा होताच, पण त्यामुळे मागच्या पेटीला भोक पडले नाही, आणि मागचे अर्धे कमानपाटे आपला भार थेट आसनांमागच्या भक्कम भागात सोडीत. ज्यांना रोज सामान चढवावे लागे त्यांनी तक्रार केली असेल. माझ्या दृष्टीने मात्र तो आराखड्यातील प्रामाणिकपणाचा एक सुंदर दाखला आहे.

जर्मनीत मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलने हाच प्रश्न उलट बाजूने मांडला. १९५४ सालच्या बंद गाडीचा नळ्यांचा सांगाडा बाजूंना इतका उंच होता की साधी दारे बसेनात, आणि म्हणून ती छपराकडे उघडणारी प्रसिद्ध दारे आली. १९५७ मध्ये तिची उघडी आवृत्ती करताना सांगाड्याची बाजू खाली उतरवून साध्या दारांना वाट करून द्यावी लागली, इतरत्र बळकटी वाढवावी लागली, आणि गाडी जड झाली. पण त्याच वेळी मागच्या आसाचा फिरण्याचा बिंदू खाली आणून त्याला समतोल राखणारी एक आडवी स्प्रिंग जोडण्यात आली, आणि उघडी गाडी बंद गाडीपेक्षा अधिक विश्वासू आणि अधिक आरामाची झाली. फ्रान्समध्ये हेन्री शाप्रों यांच्या कारखान्यात १९६० पासून तयार होणारी सित्रोएन डीएसची उघडी आवृत्ती हाही असाच अनुभव देते. डीएसचा तळ मुळातच भक्कम पेट्यांचा आणि बाहेरचे पत्रे नुसते स्क्रूने लावलेले. त्या तळाच्या बाजू आणखी बळकट केल्यावर, वायू आणि तेल यांच्यावर तरंगणाऱ्या त्या कमालीच्या मऊ चाकजोडणीने तळाला पिळण्याचे प्रयोजनच फारसे उरू दिले नाही.

सर्वांना हे साधले नाही. १९६७ च्या शेव्हरोले कॅमारोच्या उघड्या आवृत्तीत चारी कोपऱ्यांत एकेक नळकांडे बसविलेले असे, आणि त्यात तेलात बुडालेले एक जड वजन स्प्रिंगेवर टांगलेले असे; शौकिनांनी त्यांना ‘कॉकटेल शेकर’ हे नाव दिले. सांगाडा ज्या कंपनसंख्येला थरथरतो त्याच संख्येला हे वजन उलट दिशेने डोलते आणि थरथरीची ऊर्जा आपल्या तेलात जिरविते. हा इलाज चुकीचा नव्हे. त्यामागचे गणित निर्दोष आहे. पण तो रोगावरचा नसून लक्षणावरचा आहे, आणि त्यासाठी गाडीने जन्मभर चार मृत वजने वाहून न्यावयाची. आज पुष्कळ मालक ती नळकांडी निरुपयोगी समजून काढून टाकतात आणि मग आरसा पुन्हा पुसट का दिसू लागला याचे नवल करतात. फोर्ड मस्टॅंगच्या उघड्या आवृत्तीत त्यापेक्षा सरळ उपाय योजले होते: सिलच्या आतून जादा पत्रा आणि पुढच्या तुळया सिलला जोडणाऱ्या पेट्या दोन्ही बाजूंना. इंग्लंडच्या ट्रायम्फ स्टॅग या १९७० सालच्या गाडीत आसनांमागच्या कमानीपासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत एक मधला दांडा नेलेला दिसतो. तो उलटण्यापासूनच्या संरक्षणाइतकाच त्या चौकटीची थरथर आवरण्यासाठीही आहे. कार्मान कंपनीने १९७९ पासून बांधलेल्या फोक्सवॅगन गोल्फच्या उघड्या आवृत्तीतील आडवी कमानही दोन्ही कामे करते. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट घातली गेली. तिच्यामुळे शरीराचा पीळ थांबत नाही, इंजिनाच्या ओढीने होणारी उचंबळ थांबते.

जुन्या गाडीचा मालक या ज्ञानाचा उपयोग कसा करील? बाजारात आज पुढच्या स्प्रिंगांच्या दोन बुरुजांना जोडणारे चकचकीत दांडे, तळाला लावावयाच्या फुल्या, पुढच्या-मागच्या तुळया सांधणाऱ्या पेट्या असे पुष्कळ काही मिळते, आणि त्यातील काही गोष्टी निश्चित उपयोगी आहेत. मस्टॅंगसारख्या गाडीत, जिच्या पुढच्या आणि मागच्या तुळया तळाखाली एकमेकींना भेटतच नाहीत, त्यांना जोडणारी पेटी वेल्ड करणे हे मूळ आराखड्यातील उणीव भरून काढण्यासारखे आहे. पुढच्या दोन बुरुजांमधला दांडा मात्र बुरुजांचे एकमेकांकडे झुकणे थांबवितो. दारापाशी पडणाऱ्या पिळाशी त्याचा संबंध अल्प. आणि एखादाच भाग अतोनात ताठर केला की त्याच्या शेवटाशी, जिथे ताठर भाग संपून मऊ भाग सुरू होतो, तिथे पत्र्याला तडे जातात. याखेरीज रबरी बुशांच्या जागी कठीण प्लास्टिकची बुशे बसविणे हे पुष्कळांना सांगाडा ताठर करण्यासारखेच वाटते, पण ते बरोबर उलटे आहे: त्यामुळे सांगाडा होता तसाच राहून चाकाचा बारीक हादरा त्याच्यापर्यंत अधिक तीव्रतेने पोहोचतो. ताठर केल्याने गाडी आदळू लागली असे जे सांगतात, त्यांच्यापैकी पुष्कळांनी त्याच वेळी बुशे, स्प्रिंगा आणि टायर यांपैकी काहीतरी कठीण केलेले असते, आणि दोष मात्र सांगाड्याच्या नावावर जमा होतो.

म्हणून सर्वांत आधी खातरजमा करावी ती कारखान्याने दिलेली ताठरता शिल्लक आहे काय, याची. मुंबईसारख्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाबतीत तर यात हयगय होताच कामा नये. सपाट जमिनीवर गाडी चारी चाकांवर उभी करून दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली अशा दोन ठिकाणी मोजावी; मग पुढचे एकच चाक जॅकने हळूहळू उचलून तीच दोन मापे पुन्हा घ्यावीत आणि दार तशा स्थितीत सहज उघडते-मिटते की अडकते हेही पाहावे. वरची फट आणि खालची फट यांच्यातील अंतर डोळ्यांना दिसण्याइतके पालटत असेल, तर सिल आतून गेलेले आहे असे समजावे, बाहेरचा रंग कितीही तजेलदार असो. ते बदलावयाचे झाल्यास गाडीचा भार चाकांवर किंवा आसांवरच राहू द्यावा, दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत जाड नळी तात्पुरती वेल्ड करावी, आणि एका बाजूचे काम पुरे झाल्यावाचून दुसऱ्या बाजूला कटर लावू नये. नाहीतर गाडी मध्ये बसते, फट वरून मिटते, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच नवे पोलाद तिला कायमचे जखडून टाकते. काम झाल्यावर जॅकची तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन मापांतील फरक दिसेनासा झाला म्हणजे मग स्प्रिंगांकडे वळावे, आणि त्या मूळ दराच्याच घ्याव्यात. अनेक गाड्यांना मध्यंतरी कोणीतरी थरथर थांबविण्याच्या आशेने कठीण स्प्रिंगा बसविलेल्या असतात, आणि नव्या सिलवर त्यांची गरज उरलेली नसते.